भाताचं दुसरं शीत

तेलगाव, जि. बीड
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय समिना,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी हसली असशील. हॉस्टेलमध्ये माझ्या वह्या तू पुऱ्या करायचीस, आणि आज मी तुला पानं भरून पत्र लिहायला बसलेय. फोन करता आला असता, पण माझ्या फोनचं चार्जिंग टिकत नाही, म्हणून तो बहुतेक वेळ ह्यांच्याकडेच असतो.

कामाचं सांगते. गेल्या वर्षी गेवराईला अब्बांच्या गॅरेजवर भेटलो, तेव्हा तू म्हणाली होतीस की तुझ्या पुण्याच्या कंपनीत तुम्ही क्रिप्टोच्या टोकनची कॉन्ट्रॅक्टं तपासता. ती खरी की बनावट, त्यात कुठे चोरवाट ठेवलीय का, ते बघता. मला तेव्हा त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. आता आमच्या गल्लीत सगळ्यांच्या तोंडी तेच आहे. टोकनचं नाव ‘सोनपान’. दसऱ्याला आपट्याचं पान सोनं म्हणून देतो ना, त्यावरून. मोहनराव नावाचे एक सर आहेत, आठवड्यातून एकदा पांढऱ्या गाडीतून येतात. ह्यांनी, म्हणजे युवराजनी, त्यांचं इथलं काम घेतलंय. लोकांच्या फोनमध्ये वॉलेट, म्हणजे टोकनं ठेवायचा बटवा, उघडून द्यायचं आणि टोकन घेऊन द्यायचं. आता आमच्या बचत गटानं ठरवलंय की गटाची सगळी शिल्लक दसऱ्याच्या मुहूर्तावर सोनपानात घालायची. गटाची सचिव मी. सही माझी लागते.

तू विचारशील, तपासलं का? तपासलं, तेही भर गल्लीत. नागपंचमीला लिंबाला झोके बांधले होते, सगळ्या बायका जमल्या होत्या. शेजारच्या भिवरामावशी ह्यांना म्हणाल्या, “युवराज, घ्यायला सांगतोस, ते कळलं. इकून दाखीव. इकल्यावर पैसा येतो का, ते बघू दे.” बरोबरच होतं त्यांचं. शितावरून भाताची परीक्षा. ह्यांनी माझा फोन माझ्या हातात दिला. माझ्या वॉलेटमधली थोडी टोकनं मी स्वतः विकली, आणि दोन गाणी म्हणून होतात न होतात तोवर रुपये माझ्या बँकेत आले. मेसेज मी मोठ्यानं वाचून दाखवला. त्याच पैशांची भजी आणून सगळ्यांनी खाल्ली. जी घरं कुंपणावर बसली होती, ती त्या आठवड्यात आत आली.

मग तुला कशाला विचारतेय? भिवरामावशींच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलंय. त्यांना थोडी टोकनं विकायची होती. हे म्हणाले, आत्ता विकलं तर तोटा होईल, दिवाळीपर्यंत दम धरा. मावशींनी दम धरला. एवढंच झालंय. पण तेव्हापासून गटाच्या चेकबुकाला हात लावताना मन मागे येतं.

उत्तर आमच्या घरी नको. पाकिटावर भिवरामावशींचं नाव घाल. हनुमान पोस्टमन त्यांच्याकडे देईल. त्यांना वाचता येत नाही आणि दुसऱ्याचं पाकीट फोडायची त्यांची रीत नाही, ज्वारीच्या कणगीत ठेवून देतील. त्यांच्या फोनवर मात्र बोलू नकोस. त्या फोन कानाला लावत नाहीत, आरशासारखा समोर धरतात, आणि सगळी गल्ली ऐकते.

फक्त ‘खरं आहे’ एवढं लिही. मग मी निवांत सही करीन.

तुझी,
मंजुषा


पुणे
१ सप्टेंबर २०२५

मंजे,

सलाम. पत्र वाचताना हसले, पण ‘चार्जिंग टिकत नाही’ इथपर्यंतच. तुझ्याकडे न टिकणारं चार्जिंग नवऱ्याच्या खिशात टिकतं, हे कुठलं तंत्र तेलगावात निघालंय ते दाजींना विचारून कळव. बरं, राहू दे. नको विचारूस.

‘खरं आहे’ असं नुसत्या नावावरून लिहून देता येत नाही. टोकनचं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. मी काल शोधलं तर ‘सोनपान’ नावाची बरीच निघाली, आणि प्रत्येकाच्या चित्रावर आपट्याचं पान. तुमच्या गावात त्रिंबक किती आहेत? कुठला त्रिंबक ते बापाच्या नावावरून, वस्तीवरून कळतं. टोकनची तशी ओळख एकच, त्याच्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता. शून्य आणि एक्सनं सुरू होणारी, अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ असते. ती मला पाठव. मोहनरावांनी धाडलेल्या मेसेजमधून नको उतरवूस. नागपंचमीला तू जी विक्री केलीस, तिच्या नोंदीत असते, तिथून उतरव. तुझ्या वॉलेटचा पत्ताही दे. वॉलेट उघडायचे जे बारा शब्द असतात ते मात्र कुणाला देऊ नकोस. मलाही नाही.

पत्ता हातात आला की आधी बघीन, कॉन्ट्रॅक्टचा कोड, म्हणजे टोकन कसं वागेल त्याचे लिहिलेले नियम, उघडे ठेवलेत की झाकून. उघडे असले तर वाचीन. टोकन काढणाऱ्या मालकानं स्वतःच्या हातात काय ठेवलंय, तो हवी तेवढी टोकनं नव्यानं काढू शकतो का, कुणाची विक्री अडवू शकतो का, हे सगळं त्यात असतं. मग आत्तापर्यंत कोणी विकलंय आणि कोण नुसतं घेतच गेलंय, ते बघीन. ह्यासाठी कुणाला फोन करावा लागत नाही की कुणाच्या पाया पडावं लागत नाही. सगळं उघड्यावर लिहिलेलं असतं, फक्त कोणी वाचायला जात नाही.

आता तुझी शिताची परीक्षा. अब्बा जुना ट्रॅक्टर बघायला जातात तेव्हा चावी मागायच्या आधी बॉनेटवर हात ठेवतात. गरम लागला तर मालकाला विचारतात, “हमारे आने से पहले कायकू चालू किया?” जे इंजिन थंड असताना उठत नाही, ते विकणारा सकाळीच तापवून ठेवतो. मग गिऱ्हाइकासमोर एका झटक्यात सुरू. नागपंचमीच्या आधी तुझा फोन कोणी हातात घेतला होता का, तेवढं आठवून बघ.

अम्मीनं तुला दुआ कळवलीय. पत्ते लवकर पाठव.

तुझी,
समिना


तेलगाव
९ सप्टेंबर २०२५

प्रिय समिना,

मावशींनी तुझं पत्र कणगीतून काढून दिलं. पाकीट झटकलं तरी उघडताना ज्वारीचे दाणे मांडीवर सांडलेच.

पत्ते सोबतच्या चिठ्ठीवर आहेत. हे आंघोळीला गेले की फोन कोनाड्यात असतो. एका आंघोळीत एकच पत्ता लिहून व्हायचा, तोही पाण्याच्या आवाजाकडे कान ठेवून. नंतर परत एकदा दोन्ही ताडून घेतले. एकही अक्षर चुकलेलं नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर, फोन कोणी हातात घेतला नव्हता. हे सगळ्यांचेच फोन बघून देतात, तसा माझाही बघितला असेल. ट्रॅक्टरची गोष्ट चांगली आहे, पण मोहनराव सर तसले नाहीत. आम्ही डोळे झाकून उडी घेतलेली नाही. सासऱ्यांनी, म्हणजे त्रिंबकमामांनी, सोयरीक जुळवताना करतात तशी पुरी चौकशी केली. सरांच्या गावी माणूस धाडला. तो माणूस पारावर बसला, न्हाव्याकडे दाढी करून आला, किराणा दुकानात काडेपेटी घेऊन गप्पा मारून आला. घर पक्कं, भाऊ-भाऊ एकत्र, बाईमाणूस शिकलेलं, तोंडाला दारू नाही. मामा बैठकीत म्हणाले, “ज्या घरी लेक देता येती, त्या घरचं टोकन घ्यायला काय भ्यायचं?” आणि सगळे हसले. माझंही मन बसलं.

गटातल्या वर्षाराणीनं तर ठरवूनच टाकलंय की यंदा ऊसतोडीला जायचं नाही. लेकीला इथल्याच शाळेत ठेवायची आणि नवऱ्यानं गावातच काहीतरी करायचं. मुकादम आला तेव्हा तिनं त्याला दारातूनच परत धाडला. तो म्हणाला, “लई माज आलाय का?” ही म्हणाली, “हो, आलाय.” हे सगळं ती सोनपानाच्या भरवशावर बोलतेय, आणि सोनपानाचा भरवसा तिला नागपंचमीला मी दिलाय.

म्हणून सांगते, उगीच खोलात जाऊ नकोस. खरं आहे का नाही, एवढंच लिही. मला ह्या घरात राहायचंय.

तुझी,
मंजुषा


पुणे
१७ सप्टेंबर २०२५

मंजुषा,

पत्ते बरोबर होते. कोड उघडाच ठेवलाय, तो मी वाचला, आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी परत वाचला.

सोनपान कुणीही घेऊ शकतं. एकमेकांना पाठवूही शकतं. विकू मात्र शकतं ते फक्त मालकानं परवानगी दिलेलंच माणूस. आत यायला गल्लीएवढं दार आणि बाहेर पडायला सुईचं भोक. आजवर मालकानं चार वॉलेटच्या पत्त्यांना परवानगी दिलीय. झालेली प्रत्येक विक्री त्या चारांतूनच झालीय. बाकी ज्यांनी ज्यांनी विकायचा प्रयत्न केला त्यांचा तो वाया गेला, त्याच्याही नोंदी आहेत. त्यांना फोनवर काहीतरी लाल अक्षरं दिसली असतील आणि कोणीतरी ‘रेंज नाही’ म्हणून समजूत घातली असेल.

चारांतला तिसरा पत्ता मालकानं नागपंचमीच्या आदल्या दिवशी घातला. तो तुझा आहे.

आता मी तुझी दोन्ही पत्रं समोर ठेवून बसलेय. ‘फक्त खरं आहे एवढं लिही.’ ‘उगीच खोलात जाऊ नकोस.’ ही तुझीच वाक्यं आहेत. फोन कोणी हातात घेतला नव्हता, असंही तूच लिहितेस. मला वाटायला लागलंय की तुला तपासणी नकोच होती. पुण्याच्या कंपनीतल्या मैत्रिणीच्या हातचा कागद हवा होता, गटापुढे ठेवायला. तसं नसलं तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. पण तसं नाही, हे तू मला सांगायला हवंस.

अष्टमीपर्यंत, म्हणजे ३० तारखेपर्यंत, मी तुझ्या उत्तराची वाट बघते. त्यानंतर चारही पत्ते घालून सायबर पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार करणार. दसऱ्याला आणखी किती गावांतले किती गट आत जाणार असतील, मला माहीत नाही. तुझा पत्ता त्यातून वगळता येणार नाही. जे लिहिलेलं आहे ते मला खोडता येत नाही.

समिना


तेलगाव
२८ सप्टेंबर २०२५

समिना,

तुझं पत्र काल मिळालं. गेले कितीतरी दिवस पाऊस थांबलेला नाही. पुलावरून पाणी होतं, हनुमान पोस्टमन इकडे फिरकलाच नाही. हे पत्र अष्टमीच्या आत तुला पोचणार नाही, ते मला दिसतंय. तुझा नंबर माझ्या फोनमध्ये, आणि फोन युवराजच्या खिशात. पाठ असलेला नंबर एकच, अब्बांच्या गॅरेजचा. मावशींच्या फोनवरून लावून बघितला, लागत नाही. तिकडेही पाणी शिरलंय म्हणतात. सगळे बरे असोत.

आधी तू दाखवलेल्या माझ्या दोन वाक्यांचं. ती मी भीतीनं लिहिली. चार्जिंगचं खोटं होतं, ते तू ओळखलंच होतंस. जूनमध्ये माझी पोत आणि पाटल्या मोडून त्यानं सोनपान घेतलं. मी माझ्या भावाला, अमरसिंहला, फोन करून रडले. तेव्हापासून फोन युवराजच्या खिशात. गंमत बघ, तोवर अमरसिंहसुद्धा आत आला होता. माझ्याच शब्दावर. मला खरंच वाटत होतं की तू ‘खरं आहे’ लिहिशील आणि मी केलेलं सगळं आपोआप बरोबर होऊन जाईल.

काल युवराजला गोठ्यात गाठलं. तो म्हशीपुढे वैरण टाकत होता.

“नागपंचमीच्या आदल्या दिवशी माझा पत्ता कुणाला पाठवला तुम्ही?”

तो थांबला नाही. “सरांला. टेस्टिंगसाठी मागितला. म्हणले, लोक तुझ्यापक्षा वहिनीवर इस्वास ठिवतेत.”

“माझाच कावून, ते विचारलं नाही?”

“न्हाई.”

“विचारलं नाही, का विचारायचं नव्हतं?”

त्यानं उरलेली वैरण म्हशीपुढे झटकली. मग म्हणाला, “पोळ्याच्या दिशी मी माझं इकून बघितलं. जात न्हाई.”

पोळ्यापासून त्याला माहीत आहे, समिना. पोळा झाल्यावर मी तुला पहिलं पत्र लिहिलं, तेव्हा तो पलीकडच्या खोलीत ते पोटात घेऊन बसला होता. त्यानंतरही त्यानं वस्तीवरच्या घरांना टोकन दिलंय. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाला, “बोललो तर गल्लीत ऱ्हाऊ देतील का? तू दार दाखीव, म्या आत्ता भाईर पडतो.” आणि पाटी उचलून गेला. मला राग यायला हवा होता. त्याच्या पाठीकडे बघून वाटलं, हाही आपल्याच रांगेत उभा आहे, फक्त आपल्या आधी.

मी गटापुढे उभी राहून सांगितलं तर? बायका म्हणतील, अगं, तूच विकलंस की आमच्या डोळ्यांदेखत, भजी खाल्ली आम्ही. माझ्या शब्दाची जी काही किंमत होती, ती नागपंचमीला खर्च झाली. कोड दाखवावा तर इथे तो वाचणार कोण? दसरा चार दिवसांवर आलाय. सही केली नाही तर मामा विचारतील का, आणि केली तर वर्षाराणीला मी काय तोंड दाखवू?

एकच सुचतंय. सही करायच्या आधी म्हणणार, सणाचा दिवस आहे, एकदा परत विकून बघू. पण माझ्या फोनवरून नाही. मावशींच्या. सगळी शितं एकाच भांड्यात शिजली असतील तर दुसरं दाबून बघायला काय हरकत आहे?

तू तक्रार केली असशील तर केली. मला कळतंय ते.

मंजुषा


पुणे
३ ऑक्टोबर २०२५

मंजे,

तुझं पत्र आज आलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. अष्टमीच्या संध्याकाळपर्यंत मी वाट बघितली आणि तक्रार दाखल केली. चारही पत्ते त्यात आहेत. तिसऱ्यापुढे तुझं नावही लिहिलंय, कारण पोलिसांच्या अर्जात विचारलेलं असतं की ह्या व्यक्तीला ओळखता का. मी ‘हो’ लिहिलं.

काल काय झालं ते मला इथून अर्धंच दिसतंय. दुपारी बऱ्याच पत्त्यांवरून तुझ्या पत्त्यावर टोकनं आली. मग तुझ्याकडून एक मोठी विक्री झाली. पाठोपाठ तू आणखी एक केलीस, ती गेली नाही. मधल्या वेळेत मालकानं तुझी परवानगी काढून घेतलीय. दुसरं कोणी हे वाचलं तर एकच अर्थ काढील, की ह्या बाईनं सगळ्यांचं घेतलं आणि विकलं. मीही पंधरा दिवसांपूर्वी तोच काढला होता. आता तू सांगशील ते मानीन.

पैसे तुझ्या बँकेत आले असतील तर ऐक. तक्रारीत नाव असलेलं खातं बँक गोठवू शकते. हे पत्र पोचायच्या आधी तू ते काढून वाटून टाकलेले असोत, अशी दुआ करतेय, आणि तसं घडणार नाही हेही कळतंय, कारण काल बँकेला सुट्टी होती. तुझा फोन बंद लागतोय. माझा नंबर सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलाय, आधीच्या दोन्ही पत्रांत लिहायला हवा होता.

तुझा पत्ता शून्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बरोबर वाचला मी. तुलाच चुकीचं वाचलं.

अब्बा बरे आहेत. गॅरेजमध्ये कमरेएवढं पाणी होतं, आता चिखल उपसतायत.

तुझी,
समिना


तेलगाव
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय समिना,

पत्र काल मिळालं. अब्बा बरे आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. फोन आता माझ्याकडेच आहे. मोहनरावांचे आणि नंतर कुणाकुणाचे फोन येत राहिले, म्हणून बंद ठेवलाय. सोमवारी तो बीडला सायबर पोलीस ठेवून घेणार आहेत. मला बोलावलंय.

दसऱ्याचं सांगते.

समाजमंदिरात गट जमला. चेकबुक माझ्या मांडीवर, युवराज दाराला टेकून उभा. मी म्हटलं, “मावशी, सही करायच्या आधी तुमच्या फोनवरून थोडं विकून बघू या. लेकीसाठी लागणारच आहेत ना तुम्हाला.” मावशींनी फोन समोर धरला, मी बटण दाखवलं. लाल अक्षरं आली. परत केलं. परत लाल.

युवराज दारातून म्हणाला, “रेंज न्हाई आज.”

वर्षाराणी म्हणाली, “रेंज हाय की, दाजी. माझं रील चालू हाय.”

मग मी युवराजकडे हात पुढे केला. त्यानं माझा फोन खिशातून काढून दिला, माझ्याकडे न बघता. माझ्या वॉलेटमधून तेवढंच विकलं. गेलं, लगेच. मी दोन्ही फोन जमिनीवर शेजारीशेजारी ठेवले. पाऊस पत्र्यावर वाजत होता, त्यावर आवाज चढवून मला जेवढं कळलं होतं तेवढं सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं.

वर्षाराणीनं विचारलं, “म्हंजी तुला ठावं हुतं?”

“शनिवारपासून.”

“आन् नागपंचमीला?”

“तेव्हा नव्हतं.”

तिनं मुकादमाला दारातून परत धाडलेलं, ते आमच्या दोघींच्याही डोक्यात होतं. तेवढ्यात भिवरामावशी म्हणाल्या, “तुझं इकतं ना पर?”

“हो.”

“मग झालं की. कुपाटीला एकच फाटक उघडं ऱ्हायलं तर समदी जनावरं त्याच फाटकातून काढावी. आमचं समदं तुझ्यात घाल आन् तू इक.”

“आन् हिनं घेऊन ठिवलं म्हंजी?” वर्षाराणी.

मावशी हसल्या. “ठिवलं तर जाती कुठं पळून? नवरा हितं, सासू-सासरा हितं, फोनसुदिक नवऱ्याच्या खिशात. हिच्यापक्षा चांगलं कुलूप घावंल का तुला?”

सगळ्या हसल्या, मीही हसले. आयुष्यात पहिल्यांदा माझं अडकून पडणं कुणाच्या तरी कामाला आलं.

युवराज दारातून आत आला, खाली मांडी घालून बसला आणि एकेकीचा फोन घेऊन टोकनं माझ्याकडे पाठवायला लागला. कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. एकीनं त्याच्यापुढे चहा ठेवला, तो त्यानं घेतला नाही. सगळं गोळा झाल्यावर एकदमच विकायचं ठरलं, नाहीतर विकता विकता भाव उतरतो, पुढच्याला जास्त आणि मागच्याला कमी. ज्यानं जेवढं घातलं तेवढंच काढायचं. वर्षाराणी म्हणाली, भाव वाढलेला दिसतोय तर वाढीव पण घे. मावशी म्हणाल्या, “ते दुसऱ्या गावच्या बायांचं आसंल. आपलं ते आपलं.”

विक्री झाली. त्यानंतर मी आमचं लावलं, माझ्या सोन्याची टोकनं आणि अमरसिंहनं माझ्याच वॉलेटमध्ये घेतलेली. आमचं आधी काढलं असतं तर कुणाच्या तोंडाला मी हात लावणार होते? तू बघितलंसच, ते गेलं नाही. माझ्याही फोनवर लाल अक्षरं आली. युवराजनं ती पाहिली आणि म्हणाला, “आता तू बी आमच्यात.” चिडवायला नाही म्हणाला. मामा म्हणतात, कुणी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मोहनरावांचा नंबर आता लागत नाही, आणि मामांनी ज्याला चौकशीला धाडलं होतं तो परत जाऊन आला, सांगतो, घर खरंच पक्कं आहे, फक्त कुलूप आहे.

शुक्रवारी सकाळी बँकेत गेले तर खातं गोठवलेलं. गल्लीतल्या सगळ्यांचे पैसे माझ्या नावावर, आणि मला त्यातला रुपयाही काढता येत नाही. घरी येऊन सांगितलं. बायका ऐकून एकेक करून उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी वर्षाराणी दारात आली आणि म्हणाली, “दाखीव.” मी फोनवरचा बँकेचा मेसेज दाखवला. ती म्हणाली, “मेसेज तू नागपंचमीला बी दाखवला हुतास.” पहिल्यांदा मी सगळं खरं दाखवतेय, तेच त्यांना रंगवलेलं वाटतंय. मुकादमाकडे तिचा नवरा कालच जाऊन आला.

तुझ्यावर रागवायचा मी एक पूर्ण दिवस प्रयत्न केला. जमलं नाही. तू जे लिहिलं होतंस तेच केलंस, तारखेसकट.

सोमवारी, १३ तारखेला, बीडला ये; पत्र वेळेत पोचेल का शंका आहे, म्हणून रविवारी तुझ्या नंबरावर फोनही लावीन. तक्रार तुझी आहे, कोड तू वाचलाय. माझ्या पत्त्यावर टोकनं कशी आली, पैसे कुणाचे आहेत, हे तिथे कुणीतरी सांगायला लागेल, आणि माझ्या तोंडून ते चालणार नाही. अब्बांना घेऊन आलीस तर आणखी बरं.

आज सकाळी भिवरामावशी आल्या. पदर खोचलेला, पायात चप्पल. म्हणाल्या, “पासबुक दे.” मी म्हटलं, मावशी, मी सांगते ना, खातं बंद आहे. त्या म्हणाल्या, “तू सांगू नगंस. तुझ्या तोंडून आता काय बी नगं. म्या वर्षाराणीला घेऊन बँकेत जाती, सायबाला इचारती, शिपायाला इचारती, भाईर चहावाल्याला इचारती.” मी पासबुक दिलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी बॉनेटवर हात ठेवत होतं.

तेव्हापासून मी दारात बसून हे लिहितेय. युवराज आत भिंतीकडे तोंड करून पडलाय. तो झोपलेला नाही, हे पाठीवरून कळतं.

दोघी वळणावर दिसतायत. मावशी पुढे, वर्षाराणी चार पावलं मागे. चेहरे अजून कळत नाहीत. त्यांच्या बऱ्याच पुढे हनुमान पोस्टमन चिखलातून सायकल ढकलत येतोय. पत्र इथेच बंद करते, त्या दारापर्यंत पोचायच्या आत त्याच्या हाती द्यायचंय.

तुझी,
मंजुषा